बाजार नव्हे, टेशन

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस हमखास चुकतो. चूक त्याची नसते. तो फोन करून विचारतो, "कुठे उतरू?" आणि आमच्या घरातलं कोणीतरी सवयीने सांगून बसतं, "टेशनपाशी ये, समोरचीच बिल्डिंग." मग पाहुणा अंधेरी स्टेशनच्या बाहेर उभा राहून समोरची बिल्डिंग शोधत बसतो आणि आम्ही इकडे खिडकीतून गल्लीत डोकावत राहतो. माझ्या बहिणीला बघायला आलेली मंडळी अशीच भलतीकडे उतरली होती. पोहे थंड झाले, बहिणीचा पारा चढला आणि शेवटी घामाघूम होऊन पोचलेल्या मुलाच्या मामांनी पहिलाच प्रश्न केला, "तुमच्याकडे स्टेशनं किती आहेत हो?" आई अगदी गंभीरपणे म्हणाली, "स्टेशन एकच. टेशन वेगळं."

हा फरक अंधेरी पूर्वेच्या आमच्या त्या एका गल्लीबाहेर कुणालाही कळत नाही. स्टेशन म्हणजे जिथे गाड्या थांबतात ते. टेशन म्हणजे जिथे चांगुणामावशी मासे विकायला बसायची ते.

गल्लीच्या एका अंगाला काळ्या दगडांचा एक लांबट ओटा आहे. उंची साधारण कमरेएवढी. हा म्हणे फलाट. स्वातंत्र्याच्या पुष्कळ आधी अंधेरीहून निघून कुर्ल्यावरून ट्रॉम्बेकडे जाणारी एक छोटी पॅसेंजर गाडी होती, मुख्य लाइनीला फुटलेली फांदी. ती फार वर्षं चालली नाही. पुढे विमानतळाचं काम निघालं आणि रूळ गेले, असं सांगतात. रुळांच्या जागी आमची गल्ली झाली आणि फलाट तेवढा मागे राहिला. तो खरोखर त्या गाडीचा फलाट होता, की कुठल्या जुन्या गोदामाचा चौथरा होता, यावर आमच्या सोसायटीत दोन तट आहेत. मावशीसमोर मात्र दुसऱ्या तटाने कधी तोंड उघडलं नाही, कारण त्यांनाही मासे लागत.

मावशी जातीची कोळीण. अंगाने भरदार, कासोट्याचं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर आणि कपाळावर चढवलेला चष्मा. तो डोळ्यांवर आलेला मी क्वचितच पाहिला. नोट खरी की खोटी हे बघायला ती चष्मा लावी. मासा बघायला तिला चष्मा लागत नसे. तिच्या डाव्या-उजव्या बाजूला आणखी चौघी बसत. त्यांतली रेश्मा ही तिच्या भावाची मुलगी, तिला आते म्हणणारी. बाकीच्या तिघी नात्याच्या नव्हत्या, पण मावशीच्या शब्दाबाहेरही नव्हत्या.

तिच्या म्हणण्याप्रमाणे तिची आजेसासू ट्रॉम्बेहून पाटी घेऊन त्या गाडीने यायची, इथे उतरायची आणि उतरणाऱ्या-चढणाऱ्यांना तिथेच फलाटावर मासे विकून परतीच्या गाडीने जायची. "गाडी बंद झाली तवा तिला कोन सांगाया आयला नाय," मावशी सांगायची. "ती आपली पाटी घेऊन बसली. उशीर झाला असंल, येईल म्हनून. बसली ती बसलीच." ही गोष्ट तिने मला कितीतरी वेळा सांगितली असेल, पण "बसली ती बसलीच" या शब्दांना तिचा आवाज दर वेळी खाली यायचा आणि हातातला कोयता थांबायचा.

आमचं घराणं अकोल्याकडचं. वडील नोकरीसाठी मुंबईत आले आणि मागून आई आली. आईला मासा म्हणजे नदीतला, नाहीतर आठवडी बाजारातलं सुकट. समुद्राच्या माशाला कुठून हात लावायचा इथपासून तिची सुरुवात होती. पहिल्यांदा तिने टेशनवरून बोंबील आणले आणि वांग्यासारखे चिरून फोडणीत टाकले. कढईत झालेला लगदा तिने डब्यात भरला आणि तडक मावशीपुढे नेऊन ठेवला. "तुमचा माल खराब," असं तिचं म्हणणं. मावशीने डबा उघडून बघितला, वास घेतला आणि हसत सुटली. मग पाटीवर ओलं फडकं टाकून ती फलाटावरून खाली उतरली आणि आईबरोबर आमच्या खोलीत आली. बोंबील पाट्याखाली दाबून पाणी कसं काढायचं, रव्यात कसे घोळवायचे, सगळं तिने करून दाखवलं आणि मग आमच्याबरोबर मांडी घालून जेवली. आमच्या घरचं पाणी पिताना दोनदा विचार करणारी माणसं तेव्हा चाळीत होती. आई बुद्धविहारातल्या बायकांना हा किस्सा सांगायची तेव्हा बोंबलांचा भाग चटकन उरकायची आणि जेवणाचा भाग सावकाश सांगायची.

टेशनवर मावशीचं राज्य रेल्वेच्या कायद्याने चाले. गिऱ्हाइकाला ती पॅसेंजर म्हणे. धक्क्यावरून माल घेऊन टेम्पो आला की "गाडी आयली गो!" अशी आरोळी ठोके. गिऱ्हाईक खाली गल्लीत उभं असे, म्हणजे तिच्या हिशेबाने रुळांवर. कोणी घासाघीस फार लांबवली की ती हात हलवून म्हणे, "चल, रुळावरनं बाजूला हो. मागच्याला येऊ दे." नव्या टॉवरमधला एक गृहस्थ एकदा मोठी गाडी घेऊन गल्लीत शिरला. समोर आई कोलंबी सोलून घेत उभी होती. तो हॉर्न वाजवत राहिला. मावशीने मान वर केली नाही. शेवटी काच खाली करून तो ओरडला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "फाटक बंद हाय." आणि सगळी कोलंबी सोलून होईपर्यंत तिने आईला तिथून हलू दिलं नाही. आईची पंचाईत झाली, पण तिला ते आवडलंही होतं. घरी येऊन ती दोन दिवस "फाटक बंद हाय" म्हणत होती.

हे सगळं गमतीचं होतं. एका बाबतीत मात्र मावशीला गंमत चालत नसे. त्या जागेला कोणी "मच्छी बाजार" म्हटलं की तिचं डोकं फिरे. गिऱ्हाईक नवं असलं तर एकदा समजावून सांगे. जुनं असलं तर मासा देत नसे. मी कॉलेजात असताना मित्राला फोनवर सांगत होतो, "अरे, त्या फिश मार्केटपाशी ये." तिने ऐकलं आणि माझ्या पिशवीत घातलेली मांदेली परत काढून पाटीत टाकली.

"मना सांग सुन्या, बाजार काय होतो?"

"काय होतो?"

"उठतो. बाजार उठतो. सकाळी भरतो, दुपारी उठतो. नायतर मुन्शिपाल्टीवाले येऊन उठवतात. टेशन कवा उठलेलं ऐकलंस?"

मला तेव्हा तो शब्दांचा खेळ वाटला. ते तिचं सगळं वकीलपत्र होतं हे पुढे कळलं. आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं ते वकीलपत्र चाललंसुद्धा. चाळीची बिल्डिंग झाल्यावर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना सुशोभीकरणाचा झटका आला. फलाटावर कुंड्या ठेवायच्या, दोन बाकं टाकायची, "त्या बायकांची पर्यायी व्यवस्था होईल" वगैरे. पर्यायी व्यवस्था म्हणजे काय, हे त्यांना विचारलं तर ते आकाशाकडे बघत. त्यांनी अर्ज केला आणि पालिकेचा एक इंजिनिअर टेप घेऊन आला. मावशीने त्याला टेपचं एक टोक धरू दिलं आणि विचारलं, "ही जागा कोनाची, ठाव हाय का?"

"महापालिकेची."

"रेल्वेची. टेशन हाय यो. तू टेशन मोजाया आयलास?"

तो गोंधळला. कार्यालयात जाऊन त्याने कागद बघितले असावेत, कारण तिथून उत्तर आलं की जागा रेल्वेची दिसते, तिकडे विचारा. सेक्रेटरींनी रेल्वेकडे विचारलं. तिथून उत्तर आलं की अशा ठिकाणी आमचं कुठलंही स्थानक नाही. सेक्रेटरी दोन कार्यालयांच्या मधे लटकले, कुंड्या गच्चीवर गेल्या आणि मावशीने त्यांना एक सुरमई स्वतःच्या हाताने साफ करून दिली. "टेशनमास्तर आमचे," असं म्हणून. बिचाऱ्यांना ती घ्यावी लागली.

त्यानंतर तिची खात्रीच पटली. टेशन या शब्दात ताकद आहे. तो धरून ठेवला की आपल्याला कोणी हलवू शकत नाही. बाकीच्या चौघींनाही तिने तो पाठ करून घेतला. कोणीही येवो, काहीही विचारो, जागा काय तर टेशन. रेश्मा कधी वैतागून म्हणायची, "आते, गाडी नाय, रूळ नाय, तिकीट नाय, कसलं टेशन?" त्यावर मावशी म्हणे, "आपन हाव ना."

मग आले वारसावाले. रविवारी सकाळी जुनी मुंबई दाखवत फिरणारे हे लोक. पुढे एक दाढीवाला तरुण, त्याच्या गळ्यात छोटा माइक, आणि मागे टोप्या घातलेली, पाण्याच्या बाटल्या घेतलेली वीसपंचवीस माणसं. त्यांना कुठूनतरी या लाइनीचा पत्ता लागला होता आणि फलाटाचाही. मावशी त्यांना आयतीच मिळाली. तिला तर स्टेजच मिळालं. आजेसासूची गोष्ट ती आता उभी राहून सांगू लागली. गाडीचं वर्णन करू लागली, जी गाडी तिने काय, तिच्या सासूनेही पाहिली नसेल. एका रविवारी मी मुद्दाम ऐकत थांबलो आणि ती मंडळी गेल्यावर म्हणालो, "मावशी, मागच्या खेपेला गाडी लाल होती. आज हिरवी?"

"मंग? कवा रंग देत नसतील का?"

"आणि आजेसासू? तिला तू तरी पाहिलीस का?"

"तिचा कोयता हाय माझ्याकडं," ती म्हणाली आणि तेवढ्यावर विषय संपवला.

मला त्या वारसावाल्यांचा राग यायचा. ते तिचे फोटो काढत, कोयत्याचे फोटो काढत, पाटीतल्या माशांचे काढत, आणि एक मासा विकत घेत नसत. "अजून फिरायचंय, खराब होईल," म्हणत. मी हे बोललो तर मावशी म्हणे, "तू जळतोस." तिचा त्यांच्यावर विश्वास बसला होता. शिकलेली माणसं, इंग्रजीत बोलणारी, आणि तीही तिच्यासारखंच म्हणत होती की हे टेशन आहे. आजवर तिच्या बाजूने असं कोण बोललं होतं?

त्यांनीच खटपट करून तिथे एक फलक लावून घेतला. निळा, चकचकीत, "ऐतिहासिक रेल्वे स्थानक" असं तीन भाषांत लिहिलेला, खाली गाडीचं चित्र. चित्रातली गाडी काळी होती, पण मावशीने ते मनावर घेतलं नाही. तिने फलकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, अबोलीचा वळेसर केसांतून काढून त्याच्या कोपऱ्याला अडकवला आणि सगळ्या गल्लीला पेढे वाटले. सेक्रेटरींनाही. मला पेढा देताना ती म्हणाली, "आता कोन उठवतो बघू." तिचा चेहरा इतका उजळला होता की मीही नाही म्हटलं तरी खूश झालो. आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. ती असती तर फलकासमोर उभी राहून फोटो काढून घेतला असता, असं मावशी म्हणाली.

त्यानंतर फेरीवाल्यांची पाहणी निघाली. कोण कुठे बसतं, किती वर्षं बसतं, याची नोंद करायची आणि पात्र ठरेल त्याला परवाना द्यायचा. मावशीला तर हे हवंच होतं. हातात टॅब घेतलेला एक मुलगा आला, त्याने पाचही जणींचे फोटो काढले, नावं घेतली आणि विचारलं, "जागा?"

पाचही जणींनी एका सुरात सांगितलं, "टेशन."

त्याने वर फलक बघितला. फलकाचाही फोटो काढला. आणि टॅबवर जे चार-पाच पर्याय होते त्यांतला "रेल्वे स्थानक परिसर" हा दाबला. त्याने तरी दुसरं काय करायचं होतं? आणि नियम असा आहे, जो मलाही माहीत होता, सेक्रेटरींना माहीत होता, मुंबईत राहणाऱ्या बहुतेकांना माहीत आहे, की रेल्वे स्थानकाच्या आसपास फेरीवाल्याला बसता येत नाही. तो नियम झाला तो खऱ्याखुऱ्या स्टेशनांबाहेर माणसांना पाय ठेवायला जागा मिळावी म्हणून. आमच्या टेशनवर शेवटचा पॅसेंजर कधी उतरला ते देव जाणे. पण यादी लागली तेव्हा पाचही जणी अपात्र होत्या. कारण: रेल्वे स्थानकालगत व्यवसाय.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा मावशीला आधी कळलंच नाही. तिने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे त्यांनी मानलं, हे टेशन हाय म्हनून?"

"हो, मावशी. मानलं. म्हणूनच उठा म्हणतायत."

रेश्मा रडायला लागली. बाकीच्या तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला इतका संताप आला होता की तो कोणावर काढावा ते कळेना. पालिकेवर काढावा, तर त्यांनी तिच्याच तोंडचं लिहून घेतलं होतं. वारसावाल्यांवर काढावा, तर त्यांनी तिच्याच मनातलं फलकावर लिहिलं होतं. दाढीवाल्या तरुणाला मी फोन केला. तो फार हळहळला. "हे अगदीच दुर्दैवी आहे, सर. पण प्लॅटफॉर्म मात्र आता सुरक्षित आहे," म्हणाला. मी फोन ठेवला.

हरकत घ्यायला आम्ही वॉर्ड ऑफिसात गेलो. पाचही जणी आणि त्यांच्याबरोबर मी. मधल्या बोळकांडीत एकाच बाकावर सगळ्या दाटीवाटीने बसल्या होत्या आणि येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावत होते. खरं तर त्या सगळ्या अंघोळ करून, ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून आल्या होत्या. आतली अधिकारी बाई तरुण होती, मराठी होती आणि माणुसकीने बोलत होती. त्यामुळे तर आणखीच चिडचिड होत होती. भांडायला कोणीतरी वाईट माणूस तरी समोर हवा.

"मॅडम, इथे गाडी नाही," मी म्हणालो. "आमच्या जन्मात आली नाही."

"मला कळतंय हो. पण रेकॉर्डला स्थानक आलंय. फोटोत बोर्ड आहे. आणि सगळ्यांनी स्वतः सांगितलंय." तिने पेन खाली ठेवलं आणि मावशीकडे वळून म्हणाली, "हे बघा आजी, सोपं आहे. तुम्ही पाचही जणी लिहून द्या की या जागी रेल्वे स्टेशन नाही, पूर्वापार मच्छी बाजार आहे. मी दुरुस्ती करून घेते. बाजाराला हरकत नाही. परवाने मिळतील."

मी सुटकेचा निःश्वास सोडला. रेश्माने तर हातच जोडले. मावशी उठली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. आम्ही तिच्यामागे गेलो.

"आते, चल ना. अंगठा दे नि मोकली हो."

"बाजार म्हनू?"

"म्हन ना! कोनाच्या बापाचं काय जातंय?" रेश्माचा आवाज चढला. "माझी दोन पोरं हायत. टेशन काय त्यांना खाऊ घालतंय?"

मावशीने तिच्याकडे बघितलंही नाही. मग मी सुरुवात केली. मी तिला समजावलं, चिडलो, पुन्हा समजावलं. म्हणालो, "मावशी, एवढं काय आहे त्यात? एक शब्द तर आहे."

"एक शब्दच हाय ना? मंग त्या बाईलाच बदलू दे तिचा. तिचा नियम बदलू दे. माझा कनाला?"

ती चुकीचं बोलत नव्हती. आणि त्या क्षणी तिचं बरोबर असणं कोणाच्याही उपयोगाचं नव्हतं. मी म्हणालो, "घरी गेल्यावर म्हण ना हवं तेवढं टेशन. कागदावर काय आहे ते कोण बघतंय?"

तेव्हा तिने कपाळावरचा चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली. पुसता पुसता म्हणाली, "सुन्या, माझी आजेसास गाडीची वाट बघत बसली व्हती. मी अंगठा देऊन सांगितलं, इथं टेशनच नव्हतं, तर ती काय येडी म्हनून बसली व्हती का रे?"

तिथे बाकीच्या तिघींपैकी एकीने डोळ्यांना पदर लावला. रेश्मा मात्र पाठ फिरवून उभी होती. तिचंही काही चुकत नव्हतं. मला वाटलं, आता पाचही जणींची जागा जाणार, त्या एका शब्दापायी. मी मनातल्या मनात मावशीला शिव्या घालत होतो.

ती उठली आणि आत गेली. अधिकारी बाईच्या टेबलाला दोन्ही हात टेकून म्हणाली, "या चौघींचं बाजार लिव. त्या आयल्या तवा बाजारच व्हता. माझं नाव काढ."

"आजी, तुमची जागा तर सगळ्यात जुनी. तुम्हालाच पहिला परवाना मिळेल."

"म्हनून तं सांगतंय. माझं काढ."

बाईने माझ्याकडे बघितलं. मी मावशीकडे बघितलं. रेश्मा पुढे झाली, "आते, असं नको गो," म्हणू लागली. मावशीने तिला हाताने थोपवलं आणि म्हणाली, "तू अंगठा देऊ नको. तुना सही येते. सही कर." रेश्माने सही केली. बाकीच्यांनी अंगठे दिले. मावशी दारात उभी राहून ते सगळं होईपर्यंत बघत राहिली आणि मग रिक्षात माझ्या शेजारी येऊन बसली.

मला तिचा राग आला होता. खोटं कशाला बोलू, आजही येतो. असा हट्ट कशासाठी? कोणी बघायला नव्हतं, कोणी शाबासकी देणार नव्हतं. ज्या गाडीचा रंगसुद्धा तिला धड माहीत नव्हता तिच्यासाठी तिने आपली बसायची जागा सोडली. मी तिला तसं तोंडावर बोललोही. "मूर्खपणा केलास, मावशी," म्हणालो. ती म्हणाली, "असंल."

दुसऱ्या दिवशी ती आली ती पाटी न घेता. रेश्माला स्वतःच्या, मधल्या जागेवर बसवलं, कोयता तिच्या हातात दिला आणि धार कुठल्या बाजूने करायची ते सांगितलं. "वारसावाल्यांना तू सांगशील गोष्ट?" असं तिने रेश्माला विचारलं. रेश्मा म्हणाली, "मना येत नाय." मावशी बरं म्हणाली आणि वाकोल्याला लेकीकडे राहायला गेली.

परवाने आले. आता फलाटावर चौघी बसतात. त्यांच्या गळ्यात कार्डं आहेत आणि त्यांवर "मच्छी बाजार" असं छापलेलं आहे. त्यांच्या डोक्यावर निळा फलक आहे आणि त्यावर "ऐतिहासिक रेल्वे स्थानक" असं लिहिलेलं आहे. एकाच कचेरीच्या हद्दीत, एकाच ओट्यावर या दोन्ही गोष्टी नांदतायत आणि त्यात काही विचित्र आहे असं कोणालाही वाटत नाही. वारसावाले अजून येतात. दाढीवाला आता स्वतःच आजेसासूची गोष्ट सांगतो, माइकमध्ये, इंग्रजीत. ऐकणारे मान डोलावतात. "आणि ती वृद्ध कोळीण?" असं एकदा कोणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "शी इज नो मोअर हिअर." ऐकणाऱ्या बाईने ती मेली असं समजून चेहरा लांब केला. मी खिडकीतून ओरडून सांगणार होतो की ती ठणठणीत आहे, वाकोल्याला आहे, तुमच्या बोर्डाने तिला तिथे पाठवलंय. पण बायकोने मला आत ओढलं.

मी तिला शेवटची बघितली ती मागच्या महिन्यात. रविवार होता, गल्लीत गर्दी होती. मी पिशवी घेऊन खाली उतरलो आणि बघतो तर गिऱ्हाइकांच्या घोळक्यात मावशी. लुगडं तेच, केसांत अबोली, चष्मा मात्र डोळ्यांवर. अंगाने बरीच उतरली होती. लेकीकडच्या नातवाला बांगडा हवा होता म्हणून आली होती म्हणे. मी "मावशी!" म्हणून हाक मारली तर तिने "थांब, माझा लंबर हाय," म्हणून मला मागे सारलं.

रेश्माने तिला बघितलं आणि कोयता खाली ठेवून हात पुढे केला. "आते! वर ये ना गो. खाली कनाला उभी रायलीस?"

"नको. आलेव नि गेलेव. बांगडा दे."

रेश्माने पाटीतले सगळ्यात चांगले बांगडे निवडून पुढे ठेवले. मावशीने चष्मा सारखा केला आणि विचारलं, "ताजा हाय का?"

घोळक्यातली दोनतीन जुनी माणसं वळून बघू लागली. हा गिऱ्हाइकाचा प्रश्न होता. इतक्या वर्षांत तो तिला विचारला गेला असेल हजारदा, तिने कोणाला विचारलेला मी ऐकला नव्हता. रेश्मा कावरीबावरी झाली.

"आते, तू इचारतंस मना?"

"खाली उभी हाय ना मी," मावशी म्हणाली. "खालच्या मानसानं इचारावंच लागतं."

रेश्माने मान खाली घातली, बांगड्याचा कल्ला बोटाने उघडला आणि तिच्यापुढे धरला. मावशीने तो वाकून नीट पाहिला आणि भाव विचारला.